शीटमध्ये शिरलेला कॅपिबारा

"अहो, तुमच्या शीटमध्ये कॅपिबारा शिरलाय! माझी पावभाजी खातोय तो! बघा, बघा, अर्धी खाल्लीसुद्धा!"

ताई फोनवर ओरडत होत्या. ताई म्हणजे आमच्या मराठी मंडळाच्या खाद्यसमितीच्या प्रमुख. मूळच्या मुंबईच्या, गेली वीस वर्षं मिनेसोटात. जानेवारीत आमच्या ईडन प्रेरीतल्या तळ्यांवर इतका जाड बर्फ असतो की लोक त्यावर ट्रक उभे करून मासे धरत बसतात. ताईंचा फोन सुरू झाला की हे लोक गुपचूप ट्रक काठावर आणतात, अशी माझी पक्की समजूत आहे. मी फोन हातभर लांब धरला होता, तरी तो आवाज लॅपटॉपच्या माइकमध्ये शिरलाच. कारण बुधवारची सकाळ होती, मी घरून ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो, आणि आपण म्यूटवर आहोत असं मला उगाचच वाटत होतं. पडद्यावरचे नऊ चेहरे जागच्या जागी थिजले. मॅनेजरनं हळूच विचारलं, "एव्हरीथिंग ओके?"

मी सांगितलं, घरात एक वन्यप्राणी शिरलाय. मिनेसोटात हे कारण चालतं. सगळ्यांनी सहानुभूतीनं माना हलवल्या आणि मला मोकळं केलं.

"ताई, कॅपिबारा म्हणजे नक्की काय?" मी विचारलं.

"मला काय विचारता? शीट तुमची, कॅपिबारा तुमचा!"

मी शीट उघडली. शनिवारी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येक घरानं एकेक पदार्थ करून आणायचा. कोण काय आणणार याची शीट मी केली होती आणि तिची लिंक ग्रुपवर टाकली होती. लोकांना उगाच लॉगिनचा त्रास नको, म्हणून लिंक ज्याच्या हाती त्याला लिहायची मुभा, असं उदार धोरण ठेवलं होतं. आता या शीटची एक खोड आहे. लॉगिन न करता कोणी आत आलं की ती त्याला एका प्राण्याचं नाव देते आणि वरच्या कोपऱ्यात त्याचं चित्र लावते. अनामिक कोल्हा, अनामिक पाणघोडा. त्या दिवशी तिथं एक तपकिरी, गलेलठ्ठ, समाधानी चेहऱ्याचा प्राणी बसला होता. कॅपिबारा. दक्षिण अमेरिकेतला, उंदराच्या घराण्यातला थोरला चुलता म्हणा ना.

आणि माझ्या डोळ्यांदेखत तो कामाला लागला होता. ताईंच्या नावापुढचं 'पावभाजी, ८० जणांसाठी' एकेक अक्षर मागून खात खात गेला. कप्पा रिकामा झाला. मग संथपणे, एकेक अक्षर टिपत, त्यानं लिहिलं: 'पेपर प्लेट, २००.'

फोनमधून जो आवाज आला तो इथं लिहिता येणार नाही.

खरं सांगायचं तर शीटची एकूण अवस्था पाहून मला मनातल्या मनात त्या प्राण्याचं कौतुकच वाटलं. सोमवारपर्यंत आमच्या शीटमध्ये साठ घरांपैकी तेवीस घरं नॅपकिन आणणार होती. तेवीस! एवढ्या नॅपकिनात आम्ही सगळ्या ईडन प्रेरीचं तोंड पुसलं असतं. उरलेल्यांतले अर्धे चिप्स आणि ज्यूस. संक्रांतीच्या नावाखाली कोणीतरी 'तिळाच्या कुकीज (दुकानातल्या)' असं निर्लज्जपणे लिहून ठेवलं होतं. कॅपिबारानं हे सगळं उलथंपालथं केलं होतं. चिप्सवाल्या नव्या जोडप्याच्या नावावर भरली वांगी चढली होती. दोन भात आणणाऱ्यांपैकी एकापुढे कंसात टीप होती: 'एक पातेलं पुरे.' चोरी करायला आलेला माणूस घर आवरून गेला तर पोलिसात काय म्हणून तक्रार करायची?

पण ताई ऐकणार नव्हत्या. ग्रुपवर दुपारपर्यंत दीडशे मेसेज. प्रत्येकाला दुसऱ्यावर संशय. भरली वांगी लादली गेलेला मुलगा विचारत होता, "यार, पण वांगी कशानं भरतात?"

इथं मला एक जुनी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी त्या कॅपिबाराच्या मागे एवढा का लागलो ते कळणार नाही. काही वर्षांपूर्वी मंडळात शीटबीट नव्हती. ज्याला जे सुचेल ते त्यानं आणावं. आणि एका पाडव्याला साठ घरांतून अकरा मसालेभात आले. अकरा! भाजी एकच, तीही लोणच्यासारखी वाढावी लागली. अकरा भातांच्या अकरा मालकिणी एकमेकींच्या पातेल्यात डाव घालून "छान झालाय हं" म्हणत होत्या, आणि त्या एवढ्या गोड हसत होत्या की मला भीती वाटली. त्या दिवशी मी खुर्चीवर उभा राहून जाहीर केलं की इथून पुढे शीट असेल. आणि एकच नियम असेल: जे शीटमध्ये नाही ते टेबलावर नाही. शिवाय दोन मुलांना दाण्याची अॅलर्जी होती, तेव्हा कशात काय घातलंय तेही शीटमध्ये हवं. टाळ्या पडल्या. आयुष्यात मला पडलेल्या त्या एकमेव टाळ्या. त्यामुळे तो नियम मला स्वतःच्या पेन्शनइतका प्रिय आहे.

तो नियम मला याच दिवाळीत महागात पडला. सासूबाई सहा महिन्यांसाठी नागपूरहून आमच्याकडे आल्या होत्या. बत्तीस वर्षं तहसील कार्यालयात नोकरी करून निवृत्त झालेली बाई. इथं त्यांना गाडी येत नाही, बाहेर चालायला बर्फ, आणि फोडणी टाकली की छतावरचा स्मोक अलार्म किंचाळतो, म्हणून बायको त्यांना गॅसजवळ फिरकू देत नसे. सोफ्यावर बसवलेल्या पाहुणीसारख्या त्या घरात होत्या. मंडळाच्या दिवाळीला मात्र त्यांनी हट्टानं अनारसे केले. तीन दिवस तांदूळ भिजवून, वाटून, साग्रसंगीत. आणि टेबलाशी ताई उभ्या होत्या, हातात यादी, हातात हायलायटर.

"काकू, शीटमध्ये नाहीये हो. नियम आहे ना."

"कोणाचा नियम?"

ताईंनी माझ्याकडे बोट केलं. मी त्या क्षणी भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्यावरच्या सूचना वाचत होतो. मन लावून वाचत होतो. सासूबाईंनी झाकण लावलं, डबा मांडीवर घेतला आणि तीन तास गाणी ऐकली. मग पुढचे दोन आठवडे त्या रोज चहाबरोबर दोन अनारसे खायच्या. फक्त कुरुम, कुरुम. एक अनारसा खायला माणसाला किती वेळ लागतो? त्यांना माझ्या दोन मीटिंगांएवढा लागायचा, आणि तो आवाज मला वरच्या मजल्यावर ऐकू यायचा.

त्यांचं परतीचं विमान हळदीकुंकवानंतरच्या गुरुवारी होतं. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी त्यांनी मुलीला सांगून टाकलं, "या वेळी माझ्या गुळपोळ्या त्या टेबलावर जातील. मगच मी विमानात बसते." बायकोनं लॅपटॉपमधून मान वर न करता म्हटलं, "टाकते हं आई शीटमध्ये." आणि घरातल्या जुन्या टॅबलेटवर आईला लिंक पाठवून दिली, बघ म्हणून.

तर बुधवारी मी कॅपिबाराच्या बंदोबस्ताला लागलो. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये घालवलेला माणूस, मला एक मूषक आवरेना म्हणजे काय!

पहिलं कुलूप सोपं. शीट फक्त बघायची, लिहायचं नाही. ज्याला बदल हवा त्यानं मला फोन करावा. अर्ध्या तासात सत्तावीस फोन आले. माझे ऑफिसातले लोक वन्यप्राण्याची चौकशी करत राहिले आणि मी बाथरूममध्ये उभा राहून "कोशिंबिरीत काकडी की गाजर" टिपून घेत होतो. ते कुलूप दुपारी काढलं.

दुसरं कुलूप जरा हुशारीचं. प्रत्येकाला फक्त स्वतःच्या ओळीत लिहिता येईल, ज्याच्या त्याच्या ईमेलप्रमाणे. पण मंडळाच्या यादीत ईमेल होते सगळे नवऱ्यांचे. पाच मिनिटांत ताईंचा फोन. "म्हणजे माझ्या पावभाजीची परवानगी आता माझ्या नवऱ्याकडे? तो कांदा तरी ओळखतो का, विचारा!" मागून काकांचा क्षीण आवाज आला, "ओळखतो." "तुम्ही बसा हो!" असे साठ संसार मी पंधरा मिनिटांत उसवले. तेही कुलूप काढलं.

मग मी चिडलो आणि शेवटचं हत्यार काढलं. या शीटच्या पोटात तिच्या सगळ्या जुन्या अवस्था साठवलेल्या असतात. मी कॅपिबारा येण्यापूर्वीची सोमवारची अवस्था परत आणली. ताईंची पावभाजी परत आली. अति झालेले नॅपकिन मी दमदाटी करून कमी केले, वांगीवाल्या मुलाला वांगी आवडायला लागली होती म्हणून ती त्याच्याकडेच ठेवली, आणि मग ऑनलाइन भानगडच नको म्हणून ती शीट माझ्या कॉम्प्युटरवर फाइल करून उतरवून घेतली. फाइलला दोन कुलपं घातली. एक पासवर्ड उघडण्यासाठी, नुसते चार आकडे, तो सगळ्यांना. दुसरा बदलण्यासाठी, तो फक्त मला. फाइल ग्रुपवर टाकली. पहिल्या तासात चाळीस जणांनी उघडायचा पासवर्ड विचारला. दुसऱ्या तासात त्याच चाळिसांनी परत विचारला. शेवटी वैतागून मी तो पासवर्ड फाइलच्या नावातच लिहून टाकला. सुरक्षिततेच्या इतिहासात असं कोणी केलं नसेल, पण फोन बंद झाले.

गुरुवारी संध्याकाळी मी विजयी मुद्रेनं स्वयंपाकघरात गेलो. सासूबाई तीळ भाजत होत्या. बायको त्यांच्या शेजारी, अलार्मच्या खाली, दोन्ही हातांनी टॉवेल हलवत उभी. मी फोन पुढे केला. "आई, बघा. आता देवाच्या बापालाही यात काना-मात्रा बदलता येणार नाही."

त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, आणि यादीवरून बोट खाली आणत नेलं. चौदाव्या ओळीवर बोट थांबलं. तिथं आमच्या घराचं नाव होतं.

"नॅपकिन, दोनशे नग?"

मी बायकोकडे पाहिलं. बायकोनं टॉवेल जोरात हलवायला घेतला. तेवीस नॅपकिनांतला पहिला नॅपकिन माझ्याच घरचा होता.

"माझी गुळपोळी होती इथं," सासूबाई म्हणाल्या.

"नाही आई, सोमवारी नव्हती."

"सोमवारी काहून असेल? मी मंगळवारी लिहिली."

"तुम्ही लिहिली?"

"मग? ही म्हणे टाकते टाकते. चार वेळा उघडून पाहिलं, नॅपकिनच. शेवटी त्या टॅबवर मीच टाकली. एका बोटानं. पाऊण तास लागला."

माझ्या डोक्यात हळूहळू एक तपकिरी, गलेलठ्ठ आकृती उभी राहायला लागली. "आई," मी म्हटलं, "बुधवारी सकाळीही होतात का तुम्ही शीटमध्ये?"

त्या तीळ परतायला लागल्या. फार बारकाईनं परतायला लागल्या.

"पावभाजी तुम्ही काढलीत?"

"कोणती पावभाजी?"

"आई."

"तिच्या पावभाजीत केचप असते," सासूबाई म्हणाल्या.

बायकोचा टॉवेल थांबला. अलार्म वाजायला लागला. त्या गोंगाटात सासूबाईंनी मोठ्यानं ओरडून आपली बाजू मांडली. सहा महिन्यांत आपण या सगळ्यांच्या घरी जेवून राहिलो. कोणाला काय येते ते मला माहीत. त्या नव्या पोरीनं त्या दिवशी वांगी इतकी चांगली केली होती, ती चिप्स आणते? आणि ज्याला काही येत नाही तो पावभाजी करते? "आमच्या ऑफिसात असं कामवाटप असतं तर तहसीलदाराची बदली झाली असती!"

अलार्म शांत झाल्यावर मी त्यांना कॅपिबाराचं चित्र दाखवलं. ताई याला शोधतायत, म्हटलं. त्यांनी चित्र निरखून पाहिलं. "चेहऱ्यावरून आवक-जावक कारकून वाटून राहिला," म्हणाल्या. मग चष्मा काढून त्यांनी मला सांगितलं की त्यांच्याकडे जमिनीच्या फेरफाराचं एक रजिस्टर असायचं. त्यात एक ओळ इकडची तिकडे झाली तर कोणाचं शेत जाईल. दलाल यायचे, पुढाऱ्यांची माणसं यायची, चहा पाजायचे, फक्त दोन मिनिटं बघू द्या म्हणायचे. "काय केलं असेल मी? ना कुलूप, ना पासवर्ड. रजिस्टर खुर्चीवर ठेवायची आणि त्याच्यावर मी बसायची. बत्तीस वर्षं. कोणाची हिंमत झाली नाही."

याहून भक्कम सुरक्षा मी आजवर कुठल्याही कंपनीत पाहिलेली नाही.

"ठीक आहे," मी म्हटलं, "एका मिनिटाचं काम आहे. बदलायचा पासवर्ड माझ्याकडेच आहे. नॅपकिन काढतो, गुळपोळी घालतो." मी कॉम्प्युटर उघडला, पासवर्ड टाकला. चूक. परत टाकला. चूक. हळू टाकला, एकेक बटण बोटानं दाबून. चूक. आणि गंमत अशी की मी तो विसरलो नव्हतो. इंग्रजी अक्षरांत 'तिळगूळ' आणि पुढे घराचा नंबर. विसरायला त्यात होतं काय? मी मोठ्या अक्षरांत टाकला, छोट्या अक्षरांत टाकला, शेजाऱ्यांचा नंबर घालून पाहिला. शुक्रवारी ऑफिसचं काम सोडून दिवसभर तेच केलं. किमान सहा हजार वेळा टाकला असेन. बायको म्हणते शंभर, पण ती मोजत नव्हती. मी एवढं भक्कम कुलूप लावलं होतं की मी स्वतःच बाहेर राहिलो होतो. नवी फाइल करावी तर ग्रुपवर सगळ्यांना हीच शेवटची आणि खरी असं मी शपथेवर सांगून बसलेलो. शिवाय ताईंनी जाहीर केलं होतं की या कुलपाशिवाय आलेली कुठलीही फाइल कॅपिबाराचीच समजावी.

सासूबाईंचं काम चालूच होतं. शुक्रवारी त्यांनी गूळ किसला. दाण्याचं कूट केलं. मला ते किसणीचे आवाज अनारशांपेक्षा वाईट वाटत होते.

शनिवारी सकाळी उणे चोवीस तापमान आणि तव्यावर गुळपोळी. एखादी फुटायची, गूळ तव्यावर सांडायचा, धूर व्हायचा. बायकोनं घराच्या सगळ्या खिडक्या उघडून टाकल्या. आम्ही जाकिटं, टोप्या, हातमोजे घालून घरात वावरत होतो आणि सासूबाई बिनाबाह्यांच्या स्वेटरात, घामाघूम, पोळ्या लाटत होत्या. नव्वद झाल्या. दुरड्यांत कागदावर गार करून त्यांनी त्या डब्यात रचल्या आणि मग माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. मी हातमोजे काढून परत पासवर्ड टाकत होतो.

"बुधवारी काय काय केलं होतं, ओळीनं सांगा," त्या म्हणाल्या.

"सोमवारची शीट परत आणली. भरली वांगी असं लिहिलं. मग फाइल उतरवून लगेच पासवर्ड घातला."

"वांगी मराठीत लिहिली ना?"

"हो, मराठी कीबोर्ड लावून."

"मग परत इंग्रजी कधी केला?"

मी कीबोर्डकडे पाहिलं. पासवर्ड लिहिताना पडद्यावर नुसते काळे ठिपके दिसतात. मी बटणं इंग्रजीची दाबली होती आणि त्या ठिपक्यांखाली कॉम्प्युटर इमानदारीनं मराठी अक्षरं भरत गेला होता. ती अक्षरं जुळून काय शब्द झाला असेल ते मला अजून माहीत नाही. देवनागरीत इतकं अगम्य आजवर कोणी लिहिलं नसेल. मी मराठी कीबोर्ड लावला, तीच बटणं दाबली. फाइल उघडली.

नॅपकिन पुसले, गुळपोळी लिहिली, साडेदहाला फाइल ग्रुपवर टाकली. दोन मिनिटांत ताईंचं उत्तर: 'मी काल ऑफिसात प्रिंट काढली आहे. ती हॉलमध्ये लावली आहे. आता कृपया कोणीही काहीही पाठवू नये.' खाली हात जोडल्याचं चित्र.

सासूबाईंनी तो मेसेज वाचला. काळी चंद्रकळा नेसल्या, खाली माझे स्नो बूट घातले, वर बायकोचं जाकीट, आणि डबा घेऊन गाडीत जाऊन बसल्या.

हॉल म्हणजे आमच्या टाउनहाउसच्या असोसिएशनची पार्टी रूम. दारात बुटांचा डोंगर, खुर्च्यांवर कोटांचा डोंगर, आणि मध्ये चाळीस काळ्या साड्या. टेबलामागच्या भिंतीवर ती प्रिंट, चारही बाजूंनी चिकटपट्टीनं ठोकलेली. शेजारी ताई, हायलायटर घेऊन. सासूबाई सरळ गेल्या आणि डबा टेबलाच्या कडेला ठेवला. टेबलावर नाही, कडेच्या खुर्चीवर.

ताईंनी यादी पाहिली. "काकू, तुमचे नॅपकिन ना?" आवाज मवाळ होता, खरं म्हणजे अवघडलेला होता. दिवाळी त्यांनाही आठवत असावी.

सासूबाईंनी पर्समधून पेन काढलं. निळ्या शाईचं. भिंतीशी गेल्या आणि चौदाव्या ओळीतल्या नॅपकिनवर एकच सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी सुबक अक्षरात लिहिलं: 'नॅपकिन रद्द. त्याजागी गुळपोळी, ९० नग, असे वाचावे. यात तीळ व दाणे आहेत.' खाली तारीख. खाली पूर्ण सही, आडनावासकट.

मी तीन दिवस ज्या यादीच्या कुलपांशी झगडत होतो, ती चार रुपयांच्या पेनानं उघडली होती.

ताईंचा चेहरा लाल झाला. पण ताई पोटापाण्यासाठी ऑडिटचं काम करतात. त्या ओळीकडे वाकून त्यांनी रेघ पाहिली, तारीख पाहिली, सही पाहिली. अशी स्वच्छ खाडाखोड त्यांनी अमेरिकेत पाहिली नसावी. "सही तुमची झाली," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पण मंजुरी कोणाची?"

सासूबाईंनी पेन माझ्यापुढे धरलं. "शीट यांची. नियम यांचा."

अख्खा हॉल माझ्याकडे बघत होता. भिंतीवर अग्निशामक नळकांडं होतंच. मी त्याच्याकडे पाठ केली, पेन घेतलं आणि सासूबाईंच्या सहीखाली सही केली. ताईंनी एक क्षण थांबून चौदाव्या ओळीवर हायलायटर फिरवला आणि स्वतःच्या हातानं डबा उचलून टेबलाच्या मधोमध ठेवला, पावभाजीच्या शेजारी. समोर चिठ्ठी लावली: दाणे आहेत.

पुढचं मी जरा वाढवून सांगेन असं तुम्हाला वाटेल, म्हणून कमीच करून सांगतो. नव्वद गुळपोळ्या अकरा मिनिटं टिकल्या. लोक तूप न घेता खात होते, उभ्या उभ्या, उशिरा आलेले तर बूट न काढता. वांगीवाला मुलगा तीन खाऊन चौथी कोटाच्या खिशात घालताना सापडला. ताईंनी दोन खाल्ल्या. दुसरी खाताना त्या सासूबाईंच्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "काकू, तो कॅपिबारा कोण ते मी शोधून काढणार आहे हं. सोडणार नाही."

"काढाच," सासूबाई म्हणाल्या. "अशा माणसाला सोडू नये."

परत येताना बर्फ भुरभुरत होता. सासूबाई मागच्या सीटवर, मांडीवर डबा. त्यात एवढासा तुकडाही खडखडत नव्हता. बायकोनं आरशातून दोनदा मागे पाहिलं आणि शेवटी न राहवून विचारलं, "आई, खूश ना आता?"

सासूबाईंनी झाकण उघडून आत पाहिलं, परत लावलं.

"धुवायला फार वेळ लागणार नाही," त्या म्हणाल्या.